टिनाच्या खोलीत टीव्हीला स्टिक लावली, पण चालूच होत नाही. पॉवर, नेट आणि उन्हाळा, तिन्हीचं मार्गदर्शन हवं

समुद्रपूर_३२इंची

नमस्कार मंडळी. गाव समुद्रपूर तालुक्यात, जिल्हा वर्धा. घरी ३२ इंची साधा एलईडी टीव्ही आहे, स्मार्ट नाही. मागे २ एचडीएमआय, १ यूएसबी आणि पिवळी-पांढरी-लाल एव्हीची भोकं. एका एचडीएमआयला डिशचा डबा आहे. दुसऱ्यात स्ट्रीमिंग स्टिक (साध्या टीव्हीवर नेटवरचे व्हिडिओ दाखवणारी छोटी कांडी) लावली आणि तिची वायर टीव्हीच्याच यूएसबीत दिली.

लोगो येतो, अर्धा मिनिट थांबतो, स्क्रीन काळी होते, परत लोगो. एकदाच पुढे जाऊन वायफायची यादी दिसली, पण त्यात फोनचा हॉटस्पॉट नव्हता. हॉटस्पॉट चालू होता आणि दुसऱ्या फोनला दिसत होता.

बाकी माहिती: फोनवर रोज २ जीबीचा पॅक. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं आहे, घरी कनेक्शन मिळेल म्हणतात. टीव्ही मागच्या टिनाच्या खोलीत, समोरची खोली विटांची. एप्रिल-मेमध्ये दुपारी टिनाखाली बसवत नाही. पाहायचं काय, तर कपाशी-तुरीचे व्हिडिओ, पोरांचा अभ्यास आणि क्रिकेट. काकांकडे जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे, त्याला हीच स्टिक लागते का?

२ जीबीत भागेल की फायबर घ्यावं, हेही सांगा.

वायरमन_वरोरा

भाऊ, स्टिक बदलायला जाऊ नका. आधी टीव्हीच्या यूएसबीतली वायर काढा.

टीव्हीचं यूएसबी पेनड्राइव्हसाठी असतं. त्यातून बहुतेक टीव्ही ५ व्होल्ट ०.५ अँपिअर देतात, म्हणजे अडीच वॅट. स्टिकला कमीत कमी ५ व्होल्ट १ अँपिअर, म्हणजे ५ वॅट लागतात. ४के (एचडीपेक्षाही बारीक चित्राची) स्टिक असेल तर त्याहून जास्त. सुरू होताना प्रोसेसर आणि वायफाय एकदम करंट ओढतात, व्होल्टेज खाली बसतं आणि स्टिक रीस्टार्ट होते. म्हणून लोगो, काळी स्क्रीन, परत लोगो. बिघडलेली स्टिकही अशीच वागते, त्यामुळे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही फसतात.

स्टिकच्या खोक्यात आलेला अॅडॅप्टर बोर्डात लावा आणि वायरही त्यातलीच वापरा. अॅडॅप्टर हरवला असेल तर फोनचा चालतो, फक्त त्याच्यावर आउटपुट ५ व्होल्ट १ अँपिअर किंवा जास्त लिहिलेलं पाहिजे. जास्त अँपिअरने काही जळत नाही, स्टिक लागेल तेवढंच ओढते. बाजारातली ३ मीटरची बारीक चार्जिंग वायर नको, लांबीत व्होल्टेज पडून तोच त्रास परत होतो. बोर्ड लांब असेल तर २३० व्होल्टचा एक्स्टेन्शन बोर्ड टीव्हीजवळ आणा, ५ व्होल्टची वायर लांबवू नका.

यूएसबीवर स्टिक चालली असती तरी तोटाच होता. टीव्ही बंद केला की तिची पॉवर जाते. रात्रीचं अपडेट अर्धवट तुटतं आणि दर वेळी पहिल्यापासून सुरू होण्यात मिनिटभर जातो.

आता हॉटस्पॉट. वायफाय दोन पट्ट्यांवर (बँड) चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. बरेच फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर लावतात आणि स्वस्तातल्या काही स्टिका २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात. फोनमध्ये सेटिंग, मग हॉटस्पॉट, मग बँड, तिथं २.४ निवडा. आयफोनवर त्याच पानावर 'मॅक्झिमाइज कंपॅटिबिलिटी' चालू करा. तरी दिसत नसेल तर सिक्युरिटी (वायफायच्या पासवर्डची सुरक्षा-पद्धत) डब्ल्यूपीए३ आहे का पाहा, असेल तर डब्ल्यूपीए२ करा. हॉटस्पॉटच्या नावात मराठी अक्षरं किंवा चित्रं ठेवू नका. 'आपोआप बंद' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ कोणी जोडलेलं नसलं की फोन हॉटस्पॉट बंद करतो आणि आपण टीव्हीत दोष शोधत बसतो.

क्रम असा ठेवा: टीव्ही बंद, स्टिक एचडीएमआयत, अॅडॅप्टर बोर्डात, मग टीव्ही चालू करून रिमोटच्या सोर्स बटणाने बरोबर एचडीएमआय निवडा. पुढची बटणं अॅमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकची आहेत. रिमोट जोडला गेला नाही तर होमचं बटण १० सेकंद दाबून धरा. स्क्रीन काळी पण आवाज येतो, किंवा चित्र हलतं, असं असेल तर वरचं बाणाचं आणि मागे नेण्याचं (रिवाइंड) बटण एकत्र १० सेकंद दाबा. स्टिक एकेक रिझॉल्यूशन दाखवत जाते, चित्र नीट दिसलं की तेच ठेवा. जुन्या ३२ इंची टीव्हीत हे कधी कधी लागतं. अडकली तर मधलं गोल बटण आणि प्ले-पॉज एकत्र ५ सेकंद दाबलं की रीस्टार्ट होते. वायर उपटण्यापेक्षा हे बरं.

फायबर_पुसद

वायरमनभाऊंनी पॉवरचं बरोबर सांगितलं. मी डेटाचं सांगतो, कारण पहिल्याच दिवशी लोक तिथं अडकतात.

नवी स्टिक नेटला जोडल्याबरोबर स्वतःचं सॉफ्टवेअर उतरवते, मग अॅप अपडेट होतात. त्यातच बराच डेटा जातो. २ जीबीच्या पॅकवर सेटअप मधेच थांबतो, स्पीड कासवासारखा होतो आणि माणूस म्हणतो स्टिक खराब आहे. पहिला सेटअप ज्यांच्या घरी फायबर आहे त्यांच्याकडे करून आणा. स्टिक आणि अॅडॅप्टर खिशात मावतात, टीव्ही त्यांचा वापरा. घरी आणल्यावर फक्त वायफाय बदलायचं.

रोजचं गणित असं. नेटफ्लिक्ससारख्या अॅपवर साध्या दर्जात तासाला साधारण १ जीबीपर्यंत, एचडीत ३ जीबीपर्यंत, ४केत ७ जीबीपर्यंत जातो. म्हणजे २ जीबीत एचडी ४० मिनिटं. टी-२० चा एक सामना साडेतीन तास धरला तर एचडीत १० जीबीच्या आसपास. हॉटस्पॉटवर सामना पूर्ण होणार नाही, हे आधीच मनाशी धरा. साध्या दर्जात शेतीचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ आणि पोरांचा एक धडा मात्र आरामात होतो.

हॉटस्पॉटवरच राहायचं असेल तर फायर टीव्हीत सेटिंगमध्ये प्रेफरन्सेस, मग डेटा मॉनिटरिंग चालू करा आणि व्हिडिओचा दर्जा 'गुड' वर आणा. त्याच प्रेफरन्सेसमध्ये फीचर्ड कंटेंटखाली व्हिडिओ ऑटोप्ले बंद करा. होम स्क्रीनवर आपोआप चालणाऱ्या जाहिराती आपण काही लावलेलं नसतानाही डेटा खातात. अॅपस्टोअरमध्ये आपोआप अपडेटही बंद. अँड्रॉइड टीव्ही आणि गूगल टीव्हीवर नेटवर्कच्या सेटिंगात 'डेटा सेव्हर' मिळतो, तो आपल्याकडच्या मोबाईल हॉटस्पॉटचाच विचार करून केलेला आहे. गावात ५जी पोचत असेल आणि पॅकमध्ये अमर्याद ५जी असेल तर गणित बदलतं, पण टीव्हीच्या खोलीत फोनवर ५जी टिकतं का ते आधी पाहा. टिनाखाली बहुतेक वेळा ४जीवर उतरतं आणि मग रोजचा कोटा वापरला जातो.

माझं मत विचाराल तर क्रिकेट पाहायचं म्हणजे फायबर. स्पीड फार मोठा नको. फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतो, ४केला १५. तुमच्या ३२ इंची टीव्हीला ४के दिसणारच नाही. ३० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये टीव्ही चालून दोन-तीन फोनही चालतील. १०० एमबीपीएसचा प्लॅन कोणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

कनेक्शन लावायला माणूस आला की या गोष्टी त्याच्याकडून करूनच घ्या. पॉवर मीटरवर आकडा दाखवायला सांगा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप) उत्तम. उणे २७ ला हद्द संपते, त्याच्याजवळ असेल तर पहिल्या पावसात लाईन जाईल, जोड पुन्हा करायला सांगा. कनेक्टरचं टोक हिरवं असेल तर समोरचंही हिरवंच पाहिजे, निळ्यात हिरवं घुसवलं तर सिग्नल पडतो. उरलेली फायबर गुंडाळून ठेवताना बांगडीपेक्षा लहान वेटोळं करू नका. ती आतून काचेची आहे, घट्ट वळवली की उजेड बाहेर पडतो. तुटलेल्या टोकात डोळा घालून पाहू नका, लेझर डोळ्यांना दिसत नाही पण असतो.

खांबावरून घरापर्यंतची वायर रस्त्यावरून जात असेल तर कुटाराची (भुशाची) भरलेली ट्रॉली आणि कापसाची गाडी खालून जाईल इतकी उंच बांधायला लावा. सोयाबीन आणि कापसाच्या हंगामात लाईन तुटण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकला की फायबर तुटली किंवा निघाली, राउटर चालू-बंद करून काही होणार नाही, तक्रार नोंदवा. 'पॉन'चा (फायबर जोडलेली आहे हे दाखवणारा) हिरवा दिवा स्थिर आणि तरी नेट नाही, तर दोष पुढे आहे किंवा रिचार्ज संपला आहे.

मेहकरचा_मिस्त्री

राम राम. टिनाच्या खोलीचं कोणी बोललं नाही, ते मी सांगतो.

टिनातून वायफाय जात नाही, परत फिरते. विटाच्या भिंतीतून २.४ जाते, ५ गिगाहर्ट्झ लवकर मरते. राउटर समोरच्या खोलीत मधल्या दाराच्या वर लावा, ६-७ फुटावर, म्हणजे दारातून सरळ टीव्हीकडे पाहते. लोखंडी कपाटामागं, कूलरमागं, धान्याच्या कोठीमागं ठेवू नका. कूलरचा पत्रा आणि पाणी दोन्ही सिग्नल अडवते. उन्हाळ्यात कूलर खिडकीतून दारात आणला आणि नेट हळू झालं, हे तं ठरलेलंच राह्यते. राउटरमधी २.४ अन् ५ ची नावं वेगवेगळी ठेवा अन् स्टिकले २.४ द्या. एवढं करूनही पोचत नसन तर स्टिकच्या कंपनीचा लॅन अॅडॅप्टर घेऊन राउटरपासून केबल ओढा, घरातल्या घरात. दोन घरांच्या मधात उघड्यावरून तांब्याची लॅन केबल नेऊ नका, वीज पडली का दोन्हीकडचे डबे जाते.

आता उन्हाळा. दुपारी टिनाखाली भिंत हाताला चटके देते, अन् आपून स्टिक टीव्हीच्या मागं भिंतीले चिकटवून ठेवतो. टीव्हीची उष्णता, भिंतीची उष्णता, तिची स्वतःची. गरम झाली का ती आपला वेग कमी करते, व्हिडिओ थांबत थांबत चालते, मग स्वतःच बंद पडते. लोक नेटले दोष देते. स्टिकच्या खोक्यात एचडीएमआयचा छोटा एक्स्टेंडर येते तो फेकू नका, त्याच्यानं स्टिक टीव्हीच्या बाहेर लोंबते अन् हवा लागते. टीव्ही भिंतीपासून ४ बोटं पुढं घ्या. डिशच्या डब्यावर स्टिक ठेवू नका, तो डबा स्वतःच तापते. मे महिन्यात दुपारी १२ ते ५ काम नसन तर बोर्डावरून बंद. संध्याकाळी खोली थंड झाल्यावर लावा. थंड करायले कूलरच्या तोंडासमोर ठेवायची चूक करू नका, ओलाव्यानं पोर्टले गंज चढते.

लाईटचं. कमी व्होल्टेजनं अॅडॅप्टर मरत नाही, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं राह्यते. रब्बीत मोटरी सुरू झाल्या अन् बल्ब मंद झाला तरी स्टिक चालते. मारते ते लाईट परत येतानाचा झटका अन् डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रलची तार तुटणं. न्यूट्रल तुटला का घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकते. बल्ब अचानक जास्त उजळले, पंखा जोरात फिरला, तं पयले मेन स्विच पाडा. मीटरजवळ ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, वरची हद्द २७०, खालची १७०, अन् परत जोडायला ६० सेकंदांच्या वर थांबन असं लावा. टीव्ही, राउटर, फ्रिज सगळं एकाच खर्चात वाचते. स्पाइक गार्ड चालते, पण अर्थिंग नसन तर अर्धंच काम करते. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा वाळून जाते, आठवड्यातून बादलीभर पाणी टाका.

लाईट गेल्यावर नेट चालू पाह्यजे असन तर राउटरसाठी मिनी यूपीएस मिळते. राउटरच्या अॅडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं असन तर १२ चाच घ्या, पिन जुळून पाहा. स्टिक ५ वॅटच्या आसपास खाते, ३२ इंची टीव्ही ५० च्या आसपास. म्हणजे घरच्या इन्व्हर्टरवर दोन्ही सहज चालते.

मृगाच्या आधी विजा जास्त पडते. गडगडाट ऐकू आला का टीव्ही, स्टिक, राउटर, तिन्हीचे प्लग उपटा. नुसती बटणं बंद करून भागत नाही. डिशची वायरही डब्यातून काढा, ती छतावरून येते. फायबर स्वतः वीज आणत नाही, पण तिचा अॅडॅप्टर लाईनीवर आहे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अॅप फोनवर ठेवा, जवळपास विजेचा धोका असन तर इशारा देते. टीव्हीपेक्षा वावरात असणाऱ्या माणसासाठी ते जास्त कामाचं.

आर्वीच्या_मॅडम

खात्यांचं आणि पैशाचं मी लिहिते, समुद्रपूरभाऊ, कारण स्टिक चालू झाल्यावर नुकसान तिथंच होतं.

स्टिक कोणाच्या खात्याने सुरू होते ते पाहा. दुकानात सेटअप करून घेतला तर कधी कधी दुकानदार स्वतःचंच खातं टाकून देतो. मग तुमचं पाहणं त्याला दिसतं आणि पासवर्ड बदलला की तुमचा टीव्ही बंद. फायबरभाऊ म्हणतात तसं दुसऱ्याच्या घरी सेटअप केलात तरी खातं तुमच्या नंबरचंच टाका. टीव्हीवर कोड आला की स्क्रीनवर लिहिलेला पत्ता स्वतःच्या फोनच्या ब्राउझरमध्ये हाताने टाइप करा आणि तिथं कोड द्या. तो पत्ता सर्चमध्ये शोधू नका. वर खोट्या 'कस्टमर केअर'चे नंबर येतात आणि 'अॅक्टिव्हेशन चार्ज' मागतात. स्टिक सुरू करायला एक रुपयाही लागत नाही. खात्यात खरेदीचा पिन लावा आणि मुलांसाठी वेगळी प्रोफाइल करा.

रिचार्जसोबत मिळणारं सबस्क्रिप्शन टीव्हीवर चालेलच असं नाही. पॅकच्या माहितीत 'मोबाईल' शब्द आहे का वाचा. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाईल प्लॅन फक्त फोन आणि टॅबवर चालतो. टीव्हीसाठी त्याच्या वरचा घ्यावा लागतो. फोनची स्क्रीन टीव्हीवर टाकून ही अट चुकवता येत नाही, कॉपी-संरक्षणामुळे टीव्हीवर नुसती काळी स्क्रीन दिसते.

यूट्यूबला मात्र फोनचा फार उपयोग आहे. रिमोटने मराठीत एकेक अक्षर टिपत बसू नका. फोन आणि स्टिक एकाच वायफायवर ठेवा, फोनच्या यूट्यूबमध्ये माइक दाबून 'कपाशी बोंडअळी कामगंध सापळे' असं बोला आणि वरच्या कास्टच्या खुणेवर टीव्ही निवडा. व्हिडिओ स्टिक स्वतः नेटवरून घेते, फोन फक्त रिमोटचं काम करतो, त्यामुळे डेटा दुप्पट जात नाही. फोनची अख्खी स्क्रीन मिरर करणं वेगळं, त्यात फोनही तापतो आणि चित्रही तुटतं.

अॅप उघडून नुसतं 'एरर' येत असेल आणि नेट चालू असेल तर स्टिकची तारीख-वेळ तपासा. टाइमझोन कोलकाता पाहिजे. वेळ चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही आणि अॅप नीट कारणही सांगत नाही.

आठवडी बाजारात आणि ऑनलाइन 'सगळे चॅनेल आयुष्यभर फुकट' म्हणून नाव नसलेले अँड्रॉइड बॉक्स मिळतात. ते घेऊ नका. असल्या काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच व्हायरस टाकलेला सापडला आहे. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' नावाने त्याचा जाहीर इशारा दिला. घरच्याच वायफायवर तुम्ही बँकेचं अॅपही उघडता, हे लक्षात घ्या. शिवाय त्यांना वाइडवाइन एल१ (व्हिडिओच्या कॉपी-संरक्षणाचं) प्रमाणपत्र नसतं, म्हणून पैसे भरूनही मोठ्या अॅपवर एचडी मिळत नाही.

डिश काढू नका. नेट गेलं, फायबर तुटली तरी सह्याद्री आणि बातम्या चालू राहतात. महिन्याचा खर्च नको असेल तर डीडी फ्री डिश आहे.

समुद्रपूर_३२इंची

सगळ्यांचे मनापासून आभार. अॅडॅप्टर बोर्डात लावला, पहिल्या झटक्यात सुरू झाली. हॉटस्पॉट २.४ वर केला, तोही दिसला. फायबरसाठी ग्रामपंचायतीत उद्या चौकशी करतो, मीटरचा आकडा इथं टाकीन.

काकांच्या टीव्हीचं राहिलं. त्याला फक्त एव्हीची तीन भोकं आहेत. चुलतभावाने हिंगणघाटहून एक छोटी डबी आणली, तिच्यावर 'एव्ही टू एचडीएमआय' लिहिलं आहे. स्टिक तिच्यात बसतच नाही.

वायरमन_वरोरा

उलटी डबी आली भाऊ. ती जुनी डीव्हीडी नव्या टीव्हीला जोडायची. तुम्हाला 'एचडीएमआय टू एव्ही' पाहिजे, म्हणजे डबीत एचडीएमआय आत जातं आणि पिवळी-पांढरी-लाल बाहेर येते. ही दोन्ही दिसायला सारखीच असतात, बाण कुठून कुठं आहे ते वाचूनच घ्या.

बदलताना तीन गोष्टी पाहा. डबीवर पाल-एनटीएससीचं (जुन्या टीव्हीच्या दोन चित्र-पद्धतींचं) बटण असेल तर पाल वर ठेवा, नाहीतर जुन्या टीव्हीत चित्र काळं-पांढरं येतं किंवा फिरतं. डबीलाही वेगळा ५ व्होल्ट लागतो, स्टिकचा अॅडॅप्टर वेगळा आणि डबीचा वेगळा. आणि विकत घेण्याआधी दुकानात यूट्यूब नाही, पैसे भरून चालणारं एखादं अॅप लावून पाहा. काही डब्या कॉपी-संरक्षणाच्या एचडीसीपीला जुळत नाहीत, त्यांच्यावर यूट्यूब चालतं आणि बाकी अॅप काळी स्क्रीन दाखवतात.

अक्षरं पुसट दिसणार, पिक्चर ट्यूबवर त्याला इलाज नाही. काका भजन-कीर्तन आणि सामना पाहणार असतील तर चालून जाईल. पोरांना फळ्यावरचं गणित वाचायचं असेल तर त्यांना तुमच्याच टीव्हीवर बसवा.